राग्बॉक: उन्हात पडलेल्या जुन्या पाइनच्या खोडात राहणारा भुंगेरा

उत्तरवारा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी स्वीडनमध्ये व्हेस्तेरोसला राहते. इथल्या पाइनच्या जंगलात राहणाऱ्या एका भुंगेऱ्यावर लिहायचं कधीपासून मनात होतं, कारण त्याच्याबद्दल मराठीत काहीच वाचायला मिळत नाही आणि मला तर त्याच्याशिवाय हे जंगल समजलंच नसतं.

ट्रॅगोसोमा असं या जीनसचं नाव. सिराम्बिसिडी म्हणजे लांब मिशांच्या लाँगहॉर्न भुंगेऱ्यांचं जे मोठं कुल आहे त्यातल्या प्रायोनिनी या उपकुलातला हा लहानसा गट, जेमतेम मोजक्या जाती, सगळ्या उत्तर गोलार्धात आणि सगळ्या सूचिपर्णी जंगलांत. युरोपातली जात म्हणजे ट्रॅगोसोमा डेप्सॅरियम, लिनिअसने १७६७ मध्ये तिचं वर्णन केलं, जीनस म्हणून वेगळं नाव १८३२ मध्ये मिळालं. स्वीडिश लोक याला राग्बॉक म्हणतात. दोन ते तीन सेंटीमीटर लांब, तपकिरी, पाठीवरच्या पंखकवचांवर लांब लांब उभ्या रेघा, मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक अणकुचीदार काटा, आणि छातीवर दाट लांब केस. मिशा जवळजवळ शरीराएवढ्या. दिवसा दिसत नाही, खोडाच्या खाली नाहीतर भोकात बसून असतो. जुलै-ऑगस्टमधल्या उबदार रात्री बाहेर पडतो.

आता तो दुर्मिळ का आहे ते सांगते कारण धागा त्यासाठीच काढलाय. याच्या अळीला लागतं मेलेलं पाइन. पण कुठलंही मेलेलं पाइन नाही. झाड जाड पाहिजे, हळूहळू वाढलेलं पाहिजे म्हणजे लाकूड घट्ट पाहिजे, ते आडवं पडलेलं पाहिजे, त्याची साल गळून गेलेली पाहिजे, त्याच्यावर ऊन पडलं पाहिजे आणि शक्यतो ते जमिनीला पूर्ण टेकलेलं नको, म्हणजे फांद्यांवर नाहीतर दगडावर तोललेलं, खालून वारा जाईल असं. जमिनीत रुतलेलं खोड ओलं राहतं, शेवाळानं झाकलं जातं आणि मग याच्या कामाचं राहत नाही. वर तोललेलं खोड बाहेरून चंदेरी राखाडी आणि कडक होतं आणि आत बुरशी हळूहळू लाकूड मऊ करत राहते. अळी त्या आतल्या लाकडात काही वर्षं काढते, तीन-चार वर्षं तरी, बऱ्याचदा त्याहून जास्त, कारण लाकडात पोषण फार कमी आणि इथला उन्हाळा छोटा. मग कोष, मग एका उन्हाळ्यात लंबगोल भोक पाडून बाहेर, आणि प्रौढ भुंगेऱ्याचं आयुष्य मात्र काही आठवड्यांचं.

असं खोड तयार व्हायला किती वेळ लागतो याचा विचार करा. पाइन दोनशे-तीनशे वर्षं उभं राहतं, मग मरतं, मेल्यावर कित्येक वर्षं उभंच वाळत राहतं, मग कधीतरी वादळात पडतं, पडल्यावर साल गळायला अजून वर्षं. पण एकदा तयार झालं की तेच खोड या भुंगेऱ्याच्या पिढ्यान् पिढ्या पुरतं. जुन्या खोडावर जुनी राखाडी कडांची भोकं आणि यंदाची ताजी पिवळट कडांची भोकं शेजारी शेजारी दिसतात, आणि ते बघताना मला खरंच भरून येतं.

प्रश्न विचारा, माहिती असेल तर भर घाला.

कोकणी_माणूस

छान धागा. आमच्याकडे रत्नागिरीला लाँगहॉर्न म्हटलं की एकच आठवतो, आंब्याचा भिरूड. खोडात अळी शिरते, भुसा बाहेर पडायला लागतो आणि लक्ष गेलं नाही तर हापूसचं अख्खं झाड वाळतं. तार घालून अळी ओढून काढायची, भोकात औषधाचा बोळा कोंबायचा आणि चिखलानं लिंपून टाकायचं, हे लहानपणापासून बघत आलोय. त्यामुळे असल्या किड्याला वाचवायचं म्हणजे जरा अवघड जातं पचायला. हा तुमचा राग्बॉक जिवंत झाडाला काही करत नाही का?

उत्तरवारा

कोकणी_माणूस, नाही, जिवंत झाडाला अजिबात हात लावत नाही. भिरूड म्हणजे बॅटोसेरा रूफोमॅक्युलाटा, तो पण सिराम्बिसिडीच पण उपकुल वेगळं आणि सवय एकदम उलटी, त्याची मादी जिवंत झाडाची साल कुरतडून अंडी घालते. राग्बॉकला ताजं मेलेलं झाड पण चालत नाही, वर्षानुवर्षं वाळलेलंच लागतं. लाकूड कंपनीचा यानं एक रुपयाचा तोटा होत नाही, कारण असलं खोड ना फळ्यांच्या कामाचं ना कागदाच्या लगद्याच्या.

बॉटनीवाली

कोकणी_माणूस यांचा प्रश्न महत्त्वाचा आहे म्हणून थोडी भर घालते. पाइनवर उपद्रव करणारे लाँगहॉर्न आहेत, मोनोकॅमस जीनसमधले. ते स्वतः बहुतेक आजारी, जळलेल्या किंवा नुकत्याच तोडलेल्या झाडात अंडी घालतात, पण त्यांच्या अंगावरून पाइन वुड नेमाटोड नावाचा सूक्ष्म कृमी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो आणि त्यानं निरोगी पाइन मरतात. हा कृमी मूळचा उत्तर अमेरिकेतला. जपानमध्ये यानं पाइनची जंगलंच्या जंगलं वाळवली, आणि युरोपात तो पहिल्यांदा १९९९ मध्ये पोर्तुगालला सापडला. त्यामुळे वनखात्याच्या माणसाला लाँगहॉर्न म्हटलं की धडकी भरणं साहजिक आहे. पण कुल एक म्हणून सगळ्यांना एकाच मापानं मोजायचं म्हटलं तर अवघड आहे, जगात या कुलाच्या तीस हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या कितीतरी फक्त मेलेल्या लाकडावर जगतात.

पक्या७७

ताई एक बेसिक प्रश्न. आपल्याकडे जंगलात झाड पडलं की चार-पाच पावसाळ्यांत त्याची माती होते. तिकडे खोड इतकी वर्षं टिकतंच कसं? बर्फात कुजत नाही का?

उत्तरवारा

पक्या, चांगला प्रश्न. पहिली गोष्ट म्हणजे स्वीडनमध्ये वाळवी नाही. आपल्याकडे पडलेल्या लाकडाचा निकाल वाळवी लावते, इथे ते काम बुरशी आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या करतात आणि त्या पण वर्षातले काही महिनेच. थंडीत सगळं थांबतं. दुसरं म्हणजे जुन्या पाइनच्या गाभ्यात राळ भरलेली असते, ती बुरशीला सहज शिरू देत नाही. फिनलंडमध्ये उभ्या वाळलेल्या अशा राखाडी पाइनना केलो म्हणतात, ती मेल्यावर शंभर-दोनशे वर्षं आणि कधी त्याहून जास्त उभी राहिलेली सापडतात. म्हणजे छत्रपतींच्या काळात उगवलेलं झाड, पेशवाई संपल्यावर मेलेलं, आणि आज त्याच्यात अळी असू शकते. मला हा हिशोब पहिल्यांदा कळला तेव्हा त्या जंगलात चालायची माझी पद्धतच बदलली, आडव्या खोडावर पाय देऊन पलीकडे जायच्या आधी मी वाकून बघते.

मिलिंद_र

मी काही वर्षं गोथेनबर्गला होतो. थोडं वेगळं मत मांडतो. स्वीडनची जंगलं तर जगातल्या सर्वात नीट सांभाळलेल्या जंगलांत मोडतात. तोड केली की परत लावायचं हा कायदा त्यांच्याकडे १९०३ पासून आहे. १९२० च्या दशकापासून आजपर्यंत जंगलातला उभा लाकूडसाठा जवळजवळ दुप्पट झालाय. देशाचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल आहे. मग एवढं जंगल असताना भुंगेरा दुर्मिळ होतोच कसा? मला वाटतं कधीकधी पर्यावरणवाले जरा जास्तच ताणतात.

उत्तरवारा

मिलिंद, तुम्ही दिलेले आकडे बरोबर आहेत आणि म्हणूनच हा भुंगेरा मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो अशी गोष्ट मोजतो जी लाकूडसाठ्याच्या आकड्यात दिसतच नाही.

इथलं बहुतेक जंगल एका वयाचं आहे. लावलं, मध्ये दोन-तीनदा विरळणी केली, साधारण ८० ते १०० वर्षांत सगळं एकदम तोडलं, जमीन यंत्रानं उकरली, परत लावलं. क्लिअरकट म्हणतात ती पद्धत, १९५० पासून सगळीकडे हीच. त्यात झाड म्हातारं व्हायला वेळच मिळत नाही. मरायच्या आधीच तोडलं जातं. दुप्पट झालेला साठा हा तरुण झाडांचा साठा आहे, त्यातलं एकही पाइन या अळीच्या पसंतीला उतरणार नाही कारण खत-पाण्याच्या नाही तरी मोकळ्या जागेच्या जोरावर ते भराभर वाढलेलं आहे आणि लाकूड विरळ आहे.

आणि त्याच्या आधीच जुनी पाइन गेली होती. १८४९ मध्ये सुंड्सवालजवळ तुनादालला देशातली पहिली वाफेवरची लाकडाची गिरणी सुरू झाली. तोपर्यंत गिरण्या पाण्याच्या धारेवर चालायच्या, जिथे धबधबा तिथे गिरणी. वाफ आल्यावर गिरण्या नद्यांच्या मुखाशी समुद्रकाठी आल्या, आतल्या जंगलात झाडं तोडून नदीत सोडायची आणि खाली गिरणीत पकडायची. तेव्हा फक्त सगळ्यात जाड पाइन तोडायचे, बारीक सोडून द्यायचे. पाच-सहा दशकांत ती लाट उत्तरेपर्यंत गेली. म्हणजे जी झाडं आज पडून राग्बॉकची खोडं झाली असती ती दीडशे वर्षांपूर्वीच इंग्लंडमधल्या घरांच्या तुळया झाली.

फिनलंडमधला एक आकडा नेहमी सांगितला जातो. तिथल्या जंगलात राहणाऱ्या सगळ्या जातींपैकी २० ते २५ टक्के जाती, म्हणजे चार-पाच हजार, मेलेल्या लाकडावर अवलंबून आहेत. आणि न तोडलेल्या जुन्या जंगलाच्या तुलनेत दक्षिण फिनलंडमधल्या लागवडीच्या जंगलांत मेलेलं लाकूड ९० टक्क्यांहून जास्त कमी झालंय. तेव्हा जंगल भरपूर आहे आणि भुंगेरा दुर्मिळ आहे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

मिलिंद_र

हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण मग १९९० नंतर एफएससी, म्हणजे जंगल नीट सांभाळून काढलेल्या लाकडाचं प्रमाणपत्र, वगैरे आलं, तोडताना उंच बुंधे सोडतात, मी स्वतः बघितलेत, तीन-चार मीटर उंचीवर कापलेली झाडं मोकळ्या जमिनीत उभी असतात. त्याचा उपयोग होत नाही का?

उत्तरवारा

होतो, कित्येक भुंगेऱ्यांना होतो. १९९३ च्या वनकायद्यात उत्पादन आणि पर्यावरण दोन्ही उद्दिष्टं समान मानली, १९९८ मध्ये एफएससीचं स्वीडिश मानक आलं, तेव्हापासून मेलेलं लाकूड हळूहळू वाढतंय, हे चांगलंच झालंय. पण उंच बुंधा उभा असतो आणि तोडायच्या वयाच्या झाडाचा असतो. राग्बॉकला आडवं आणि जुनं लागतं. शिवाय क्लिअरकटवर ऊन भरपूर असतं म्हणून तिथे एखादं जुनं आडवं खोड शिल्लक असेल तर राग्बॉक तिथे राहतोसुद्धा, अगदी तोडलेल्या उजाड जागेत, लोकांना हे ऐकून आश्चर्य वाटतं. घात होतो तो नंतर. लाकूड ओढणारी अवजड गाडी खोडावरून जाते आणि राखाडी खोड मोडून चुरा होतो, जे काही उरतं ते जमीन उकरणारं यंत्र संपवतं. कोणी मुद्दाम केलेलं नसतं, यंत्र चालवणाऱ्याला ते सरपण दिसतं. गाडी जायच्या आधी खोडाला रंगीत फीत बांधली, चार मीटर वळसा घालून गेलं, एवढ्यानं वाचतं. काही ठिकाणी हे करतात पण. माझ्या मते यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त परिणाम करणारी गोष्ट हीच आहे.

चुलीवरचा_चहा

मला एक बोलायचंय. आमच्या गावाकडे अकोले तालुक्यात बायका सुकी लाकडं गोळा करायला जंगलात जातात, माझी आजी जायची, आई पण. सुकं लाकूड म्हणजे चूल. तिथे जाऊन मेलेलं लाकूड तसंच राहू द्या असं कोण कुणाला सांगणार. हा सगळा विचार पोट भरलेल्या देशातला वाटतो, राग मानू नका.

उत्तरवारा

राग कसला, आणि मी हे अकोल्याच्या बायकांना सांगायला निघालेलेच नाही. तिथे डोक्यावरच्या मोळीनं जेवढं लाकूड जातं ते बारीक असतं, फांद्या, काटक्या. इथला प्रश्न यंत्राचा आहे आणि कारखान्याचा आहे. गंमत म्हणजे इथे बाहेर कुठेही फिरायचा सगळ्यांना हक्क आहे, दुसऱ्याच्या मालकीच्या जंगलातही चालू शकता, बेरी आणि मशरूम तोडू शकता, पण वाऱ्यानं पडलेलं झाड उचलून नेता येत नाही, ते जमीनमालकाचं.

देवराई

चुलीवरचा_चहा, तुमचं म्हणणं पटतं पण आपल्याकडे पण एक बाजू आहे. सह्याद्रीत कितीतरी देवरायांमध्ये पडलेलं सुकं लाकूडसुद्धा बाहेर न्यायचं नाही असा दंडक आहे, देवाचं आहे म्हणून. त्यामुळे आजूबाजूच्या रानापेक्षा तिथे जुने वठलेले वृक्ष, पोकळ खोडं, बुरशी, भुंगेरे सगळं जास्त दिसतं. म्हणजे मेलेलं झाड जागेवर राहू देणं ही काही बाहेरून आलेली कल्पना नाही. वन सर्वेक्षणवाले देवरायांमधली झाडं आणि वेली मोजतात, पक्षी मोजतात, मेलेल्या लाकडातले किडे मोजणारे फार थोडे. कोणाला कीटकशास्त्रात काम करायचं असेल तर हा विषय मोकळा पडलाय.

चुलीवरचा_चहा

हे खरंय. आमच्याकडे वीरोबाच्या राईतली काडी पण कोणी उचलत नाही.

सॅनहोजेकर

धागा वाचून लॉगिन केलं. ट्रॅगोसोमा इकडे अमेरिकेत पण आहे. पूर्वी इकडच्या बऱ्याचशा भुंगेऱ्यांना युरोपातलंच डेप्सॅरियम नाव लावायचे, आता ते वेगळं मानतात आणि इकडच्या जाती वेगळ्या केल्यात, ट्रॅगोसोमा हॅरिसाय, ट्रॅगोसोमा स्पिक्युलम, कॅलिफोर्नियात ट्रॅगोसोमा पिलोसिकॉर्ने. उन्हाळ्यात सिएरा नेवाडात कॅम्पिंगला गेलं की पाइनच्या जंगलात रात्री दिव्यावर हे येतात. आणि यांच्या वासाचा शोध इकडच्या लोकांनी लावला. मादी एक रसायन सोडते आणि नर हवेतून माग काढत येतो. २०१२ मध्ये शोधनिबंध आला, ते रसायन २,३-हेक्झेनडायॉल. प्रयोगशाळेत बनवता येतं. सापळ्यात ठेवलं की नर येतात.

बॉटनीवाली

सॅनहोजेकर, फार महत्त्वाची माहिती दिलीत. याचा अर्थ काय होतो बघा. आत्तापर्यंत असा निशाचर आणि लाकडात लपलेला भुंगेरा कुठे आहे हे कळायचा मार्ग म्हणजे भोकं शोधणं. भोकावरून भुंगेरा कधीतरी होता एवढंच कळतं, आज आहे का ते कळत नाही, कारण कडक खोडावर भोक कित्येक दशकं तसंच राहतं. आणि अळी शोधायची तर खोड फोडावं लागतं म्हणजे ज्याला वाचवायचं त्याचंच घर मोडायचं. वासाच्या सापळ्यानं जिवंत नर पकडून मोजून सोडून देता येतात. संवर्धनाच्या कामात हे साधन फार मोठं आहे.

फक्त एक, नर लांबून पण येऊ शकतो त्यामुळे सापळ्यात आला म्हणजे शेजारच्याच खोडात राहतो असं नाही. म्हणून सापळा आणि भोकं दोन्ही बघावी लागतात.

पक्या७७

आग लागली की काय होतं? इकडे दरवर्षी बातम्या असतात स्वीडनला वणवे लागले म्हणून. हे बिचारे जळून जात असतील.

उत्तरवारा

पक्या, काही जळतातच. पण या भुंगेऱ्याचा आणि आगीचा संबंध त्याहून खोल आहे आणि मला सगळ्यात जास्त यावरच लिहायचं होतं.

पाइनचं जंगल हे मुळात आगीचं जंगल. कोरड्या खडकाळ माळावर वीज पडून आग लागायची, पन्नास-शंभर वर्षांतून एकदा एखाद्या जागी यायची, जमिनीवरचं गवत-झुडूप आणि बारीक रोपं जाळत पुढे जायची. जुन्या पाइनची खालची साल जाड असते, ते बहुधा वाचतं, बुंध्याला त्रिकोणी काळी जखम राहते. अशा जखमांची वर्तुळं मोजून कुठल्या वर्षी आग आली ते शास्त्रज्ञ सांगतात. काही पाइन मरतात, उभी वाळतात, पुढे पडतात. स्प्रूस या इथल्या दुसऱ्या सूचिपर्णी झाडाची साल पातळ, तो जळून जातो. त्यामुळे आग येऊन गेलेलं पाइनचं जंगल विरळ आणि उजेडाचं राहतं आणि पडलेल्या खोडांवर ऊन येतं.

एकोणिसाव्या शतकात लाकडाला भाव आल्यावर आग विझवणं सुरू झालं, पुढे रस्ते झाले, टेहळणी मनोरे झाले, आणि आग जवळजवळ बंद झाली. मग पाइनच्या खाली स्प्रूस वाढायला लागला. स्प्रूस सावलीत वाढतो. पन्नास-साठ वर्षांत तो दाट होतो आणि खालचं सगळं अंधारात जातं. म्हणजे राखीव जंगल आहे, कुऱ्हाड लागलेली नाही, जुनं खोड आहे, आणि तरीही राग्बॉक निघून जातो कारण खोडावर ऊन येत नाही, ते थंड आणि ओलं झालंय. कुंपण घालून राखलं म्हणजे झालं असं समजणाऱ्या प्रत्येकानं असं एक जंगल बघायला पाहिजे. मी ज्या राखीव जंगलात जाते तिथे मधल्या भागात स्प्रूसच्या अंधारात जुनी भोकं असलेली खोडं आहेत, शेवाळानं झाकलेली, ताजं भोक एकही नाही. आणि कडेला जिथे खडक उघडा आहे, ऊन येतं, तिथे ताजी भोकं.

म्हणून आता इथे राखीव जंगलात मुद्दाम आग लावतात. वारा, ओल सगळं बघून, भोवती पाण्याच्या नळ्या टाकून. लाइफ तायगा नावाचा युरोपियन युनियनच्या पैशातला प्रकल्प २०१५ मध्ये सुरू झाला, त्यात १४ प्रांतांनी मिळून कित्येक ठिकाणी अशी आग लावली. आणि आग लावायच्या आधी शहाणे लोक जुन्या चांगल्या खोडांभोवतीचं सुकं गवत-झुडूप साफ करतात, पाणी मारतात, म्हणजे आहे ते खोड वाचतं आणि पुढची खोडं तयार व्हायला लागतात. जिथे आग शक्य नाही तिथे नुसता स्प्रूस कापून बाहेर काढतात, खोडं उघडी करतात. आपल्याला वाटतं झाड तोडणं म्हणजे निसर्गाचं नुकसान, इथे दहा स्प्रूस कापल्यानं एक जुना पाइनचा ओंडका परत राहण्याजोगा होतो.

मिलिंद_र

२०१४ ची व्हेस्टमान्लांदची आग तुमच्याच भागातली ना?

उत्तरवारा

हो. ३१ जुलै २०१४ ला सुरू झाली, जंगलात जमीन उकरणाऱ्या यंत्राच्या ठिणगीनं. १३ हजार हेक्टरहून जास्त जळलं, तेव्हापर्यंतची आधुनिक स्वीडनमधली सगळ्यात मोठी आग. एक माणूस गेला, गावं रिकामी करावी लागली, लोकांची घरं गेली, ते सगळं फार वाईट होतं आणि कुठल्याही भुंगेऱ्यासाठी असं व्हावं असं कोणी म्हणणार नाही. नंतर जळलेल्या भागातलं बरंचसं लाकूड कंपन्यांनी काढून नेलं, पण साधारण ६४०० हेक्टरचा भाग २०१५ मध्ये हेल्लेस्कूग्सब्रेन्नान नावानं राखीव केला, तिथलं जळलेलं जंगल जसंच्या तसं ठेवलंय. तिथे गेलं की काळी-राखाडी मेलेली झाडं आणि त्यांच्या मधून उगवलेले बर्च आणि अॅस्पेन दिसतात. जळलेलं लाकूड आवडणारे भुंगेरे आणि त्यांच्यामागे तीन बोटांचे सुतार पक्षी आले. जळलेल्या पाइनचे ओंडके एकेक करून पडतायत. राग्बॉकसाठी ती जागा तयार व्हायला वेळ आहे, माझ्या मुलीच्या मध्यम वयापर्यंत ती खोडं चांगली मुरतील, आणि तोपर्यंत आजूबाजूच्या जुन्या खोडांत तो तग धरून राहिला पाहिजे, नाहीतर नवीन जागेत यायला कोणी उरणारच नाही. सगळी काळजी या मधल्या काळाची आहे.

बॉटनीवाली

याला जोडून अजून एका भुंगेऱ्याचं नाव घ्यायला हवं, नोथोऱ्हायना म्युरिकाटा. तो पण लाँगहॉर्न, जेमतेम सेंटीमीटरभर लांब, तो जिवंत म्हाताऱ्या पाइनच्या जाड सालीत राहतो. फक्त सालीत, आतल्या लाकडाला हात लावत नाही, झाड मरत नाही. त्याला पण ऊन लागतं, दक्षिणेच्या बाजूचा उघडा बुंधा. आणि एकाच झाडाच्या सालीत पिढ्यान् पिढ्या. म्हणजे एकाच पाइनला जिवंतपणी नोथोऱ्हायना आणि मेल्यावर कित्येक वर्षांनी ट्रॅगोसोमा. दोघांनाही उन्हातलं म्हातारं झाड लागतं.

उत्तरवारा

अगदी. स्वीडिशमध्ये त्याला रेलिक्टबॉक म्हणतात. त्याची भोकं बुंध्यावर डोळ्यांच्या उंचीला दिसतात म्हणून तो शोधायला सोपा आहे, आणि तो जिथे आहे तिथे जुन्या पाइनचा वारसा न तुटता टिकून आहे असं धरतात. जंगल तोडायच्या आधी तपासणारे लोक त्याला मुद्दाम शोधतात.

कोकणी_माणूस

आता पटलं. भिरूडाचा राग या बिचाऱ्यावर काढायचं कारण नाही. माझा भाचा पुढच्या वर्षी उप्साला विद्यापीठात जातोय, त्याला किड्यांचा नाद आहे, लहानपणी काडेपेटीत भुंगेरे भरून ठेवायचा. त्याला हा राग्बॉक बघायचा असेल तर काय करावं? आणि भोकं ओळखायची कशी?

उत्तरवारा

अरे वा, भाच्याला जरूर सांगा. उप्सालाहून उत्तर-पश्चिमेला दालार्नाच्या बाजूला गेलं की खडकाळ टेकड्यांवर विरळ पाइनची जंगलं आहेत, तशा जागा बघायच्या. दिवसा जायचं आणि आधी खोडं शोधायची, किडा नंतर. चंदेरी राखाडी, साल नसलेलं, किमान मांडीएवढं जाड, उन्हात, खालून मोकळं. त्याच्या वरच्या आणि बाजूच्या अंगाला लंबगोल भोकं बघायची, लाकडाच्या रेघांच्या दिशेनं लांबट, कडा स्वच्छ कापल्यासारख्या. करंगळीचं टोक सहज आत जाईल एवढी. लहान गोल भोकं असतील तर ती दुसऱ्यांची. दक्षिण स्वीडनमध्ये स्मोलांद, गोतलांद वगैरे भागात एर्गाटिस फेबर नावाचा याच्याहून दुप्पट मोठा भाऊबंद आहे, त्याची भोकं जास्त मोठी, तिकडे गेला तर गोंधळ होऊ शकतो. भोकाची कड पिवळट आणि आतला भुसा ताजा असेल तर त्या खोडात वस्ती आहे असं समजायचं. खोड हलवायचं नाही, उलटायचं नाही, साल किंवा लाकूड सोलून बघायचं नाही. उलटलं तर खालची ओली बाजू वर येते आणि वरची कोरडी बाजू जमिनीला लागते, अळीचं सगळं बिघडतं.

प्रत्यक्ष भुंगेरा बघायचा तर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत, दिवसभर कडक ऊन पडलेल्या दिवशी अंधार पडल्यावर. तेव्हा अंधार उशिरा पडतो, अकराच्या पुढे. लाल टॉर्च घेऊन खोडाजवळ शांत बसायचं. नर खोडावर भराभर फिरतो, मिशा पुढे करून. मादी भेगेत अंडी घालण्याची नळी घालत हळूहळू सरकते.

आणि भोकं सापडली तरी आर्टपोर्टालेनवर नोंद करायला सांगा, ती इथली सगळ्यांसाठी खुली असलेली नोंदणीची साइट आहे, स्वीडनच्या कृषी विद्यापीठाची. फोटो टाकायचा, मोजपट्टी नाहीतर नाणं शेजारी ठेवून, जागा नकाशावर नेमकी टाकायची, खोडाची जाडी लिहायची. पुढे त्या जंगलाचा तोडीचा अर्ज आला तर तपासणारा माणूस आधी ती साइट उघडतो.

कोकणी_माणूस

सगळं कॉपी करून त्याला पाठवलं. त्यानं लगेच विचारलं नाणं कुठलं ठेवायचं, स्वीडिश क्रोना चालेल ना.

उत्तरवारा

चालेल, एक क्रोना. फोटोखाली कुठलं नाणं ते लिहायला सांगा, आणि नाणं भोकाला चिकटून आडवं ठेवायचं, वर उभं धरलं तर माप चुकतं. इथे पोचला की मला इथेच निरोप टाकू दे, जूनमध्ये आम्ही काही जण एका राखीव जंगलात स्प्रूसची रोपं उपटायला जातो, वनाधिकारी बरोबर असतात, त्याला यायचं असेल तर हातमोजे आणि डासांचं मलम घेऊन ये म्हणावं.

पक्या७७

ताई, ताज्या भोकाचा एखादा फोटो इथे पण टाका ना.

उत्तरवारा

टाकते शनिवारी. एक जुनं आणि एक यंदाचं, शेजारी शेजारी.